निकारेतीने पेला उपडा केला

प्राचीन ग्रीसच्या केआ बेटावर रीत होती, साठी उलटलेल्यांनी सणासारखं नटायचं, डोक्यावर फुलांचा मुकुट घालायचा आणि विषाचा पेला प्यायचा, म्हणजे लहानांच्या तोंडी दोन घास जास्त पडतात. जबरदस्ती कुणी करत नसे. पण जो पीत नसे त्याच्याकडे सगळं गाव नुसतं बघत राही, आणि ते बघणं भल्याभल्यांना झेपत नसे.

निकारेतीने अंजिरं वाळवून संसार केला होता. जीभ तिखट, हात सढळ. मुलगा फानियास अथेन्सला एका तत्त्वज्ञाच्या बागेत शिकून आला, तेव्हापासून त्याने एकच भुणभुण लावली होती, की मेल्यावर दुखायला माणूस उरतच नाही, मग मरणाला भ्यायचं कशाला? अंजिरं निवडता निवडता ती ऐके. खरं सांगायचं तर तिला ते पटलंही होतं.

नवऱ्याचा पेला तिनेच धरला होता. तो हसत प्यायला, गावाने वाहवा केली. पाय गार पडू लागले तेव्हा तो तिच्या कानात काहीतरी बोलला. ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आज तिची पाळी होती. देवळापुढे गाव जमलं. फानियासने पेला पुढे केला. त्याचा हात जराही थरथरत नव्हता, याचा तिला भयंकर राग आला.

"आई, जन्माआधी तू नव्हतीस, तेव्हा काही त्रास होता का? पुन्हा तसंच."

"नव्हता. पण तेव्हा 'आटप लवकर' म्हणून मला कुणी ढकलतही नव्हतं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मरणाला भिऊ नको, हे तूच शिकवलंस ना? नाही भीत. मग तुमच्या बघण्याला तरी कशाला भिऊ?" असं म्हणून तिने पेला दगडावर उपडा केला. "आणि घासाचं म्हणाल, तर हिवाळ्यात निम्मं गाव माझीच अंजिरं खातं."

फानियासचा चेहरा पडला. "बाबा नाही भ्याले," तो पुटपुटला.

"नाहीच भ्याला. शेवटी काय म्हणाला ठाऊक आहे? यंदाची अंजिरं खाऊन गेलो असतो, म्हणाला. पिकायच्या तोंडावर आली होती रे अंजिरं. आणि मी पेला धरून बसले."

तिने डोक्यावरचा मुकुट काढून त्याच्या हातात कोंबला आणि उतार धरला. गाव बघत होतं. बघू दे. झाडं फळांनी वाकली होती, शिडी धरायला माणूस हवा होता. तिने वळून फानियासला हाक मारली.