भिंतीखालची चिलीम

विनिफ्रेड थॅक्रे चाळीस वर्षं शाळेच्या जेवणघरात पोरांना उकडलेले बटाटे वाढत राहिली. निवृत्त झाल्यावर तिने आमच्या गावच्या इतिहास मंडळात नाव घातलं. मंडळ म्हणजे मला धरून चौदा म्हातारे, एक गळका तंबू आणि ओल्या कुत्र्यांचा वास. दर ऑगस्टला यॉर्कशरच्या या मेंढ्यांच्या कुरणात आम्ही खड्डा खणतो आणि रोमन सेनापती आपले सख्खे मावसभाऊ असल्यासारखे बोलतो. अकरा वर्षं विनिफ्रेडकडे काम एकच, खापरं धुण्याचं.

यंदा माणसं कमी पडली म्हणून तिला खड्ड्यात उतरू दिलं. अध्यक्ष ह्यूबर्ट अ‍ॅस्क्विथ यांनी ज्या रोमन भिंतीविषयी पुस्तिका छापली होती, नेमक्या तिच्याच पायाखाली तिला मातीच्या चिलमीची नळी सापडली.

"वरून घसरली असेल, विनी," म्हणत अ‍ॅस्क्विथनी नळी खिशात टाकली.

"रोमन तंबाखू ओढत होते का, मिस्टर अ‍ॅस्क्विथ? ती तर हजार वर्षांनी आली इकडे."

"तू आपली खापरं धू."

शेवटच्या दिवशी केकस्पर्धा असते. केक खणलेल्या जागेसारखाच करायचा. परीक्षक, म्हणजे पुन्हा अ‍ॅस्क्विथच, तो खणायच्या थापीने वरून खाली, एकेक थर कापत खातात. विनिफ्रेडने आमचा खड्डाच केला होता. वर पिस्त्याचं गवत, खाली कॉफीची माती, तीत फजच्या वड्यांची भिंत. भिंतीच्या तळाशी साखरेची पांढरी नळी आहे, हे फक्त मला ठाऊक होतं.

"सगळ्यांसमोर त्यांच्याच थापीवर येऊ दे," ती म्हणाली होती. "मग बघू खिशात कशी घालतात."

भिंत अर्धी खाऊन झाली आणि थापी कशाला तरी अडली. अ‍ॅस्क्विथ वाकले. त्यांचे कान लाल झाले.

"अहो, खाली जा की!" नोरा पिकर्सगिल ओरडली. "मागच्या वर्षी माझ्या केकची तर ताटली खरवडलीत!"

"इतकं देखणं काम मोडवत नाही," अ‍ॅस्क्विथ म्हणाले. "पहिला नंबर! आणि पहिल्या नंबरचा केक मांडून ठेवायचा, हा मंडळाचा नियम आहे."

असा नियम त्या क्षणापर्यंत नव्हता. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

थापी विनिफ्रेडच्या हाताशी होती. एक घाव पुरला असता. पण समोर पहिल्या नंबरचं लाल कार्ड होतं, आणि अकरा वर्षांत तिला तिसरा नंबरही मिळाला नव्हता. तिने हात पुसले, कार्ड घेतलं.

"फोटो काढणार ना, मिस्टर अ‍ॅस्क्विथ?"

टाळ्या मीही वाजवल्या. चहा अजून यायचा होता.