दुसरा फ्यूज

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही पाच बहिणी वाढलो, त्यात नाकावर राग असलेली मीच. लग्न होऊन झाशीला निघाले तेव्हा आईने एवढंच सांगितलं, की परमुलखात जातेस, जरा जिभेला आवर घाल. तो मी घातला. माझ्या हातून जे घडलं ते बोलण्यातून घडलं नाही, करण्यातून घडलं. हे गेले, त्याला आता तीन वर्षं होतील. हयात असेपर्यंत जे धड सांगता आलं नाही, ते लिहून काढते आहे.

ह्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीतलं. घरात मराठी बोलायचे, पण निम्मी हिंदी. कुलूप लावलं असं कोणी म्हणायचं नाही, ताला लावला म्हणायचे. मला सुरुवातीला फार हसू यायचं. घराण्यातले सगळे कारकून, मास्तर, नाहीतर पूजा सांगणारे. हे एकटेच यंत्रात रमले. मालधक्क्याजवळ एका सेठजींचं धान्याचं मोठं गोदाम होतं, तिथे हे एलेव्हेटरवर मिस्त्री होते.

एलेव्हेटर म्हणजे दोन ताड उंच पत्र्याची उभी पेटी. आत रबरी पट्टा, पट्ट्याला लोखंडी डबे बोल्टने बसवलेले. मऊरानीपुर, गरौठा इकडून ट्रक आले की पल्लेदार, म्हणजे हमाल, पोती फोडून धान्य खड्ड्यात ओतायचे. खाली डबे भरायचे, वर जाऊन कोठीच्या तोंडाशी उलटे व्हायचे आणि रिकामे होऊन पलीकडून खाली यायचे. पूर्वी हेच धान्य पल्लेदार पाठीवर घेऊन शिडीने वर नेत. एकदा मी पाहायला गेले होते. पट्टा सुरू झाला तेव्हा जमीन थरथरली, आणि हे माझ्याकडे बघून असे हसले, जसं काही ते यंत्र ह्यांनीच जन्माला घातलं होतं.

एक काम मात्र हातानेच करावं लागे. हरभरा संपून गहू लावायचा असला, की खड्ड्याच्या तळाशी राहिलेला हरभरा आधी काढायचा, नाहीतर दोन धान्यांची मिसळ व्हायची. त्यासाठी खाली उतरून पेटीची छोटी खिडकी उघडायची, आत खांद्यापर्यंत हात घालायचा आणि डब्यांच्या मधून दाणे ओढून काढायचे. हे काम ह्यांनी कधी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. उतरण्याआधी ते बोर्डावरचा चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपटायचे आणि स्वतःच्या खिशात टाकायचे. फ्यूज नाही तर मोटर सुरू होणार नाही. बोर्डावरची जागा रिकामी दिसली की खाली माणूस आहे असं समजायचं, हा ह्यांनीच घातलेला नियम. सेठजी एकदा म्हणाले होते, जादा फ्यूज आणून ठेवू. हे नाही म्हणाले. एकच पाहिजे, आणि तो उतरणाऱ्याच्या खिशात पाहिजे.

नियम चांगला होता, पण नियम करणारा विसराळू. फ्यूज काढायला कधी विसरले नाहीत, परत लावायला विसरायचे. खड्ड्यातून वर यायचे, हातपाय झाडायचे आणि जेवायला सायकलवरून थेट घरी. तिकडे गोदामात ट्रक उभे, पल्लेदार पोत्यांवर बसून बिड्या ओढताहेत, आणि फ्यूज आमच्या खुंटीवरच्या शर्टात. मग ह्यांच्या हाताखालचा मिस्त्री घामाघूम होऊन दारात यायचा. चाळिशीचा, बुंदेलखंडी, अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. भाभीजी, पंडितजी के खीसा में फूज देखिओ, एवढंच म्हणायचा; गोदामात ह्यांना सगळे पंडितजी म्हणत. हे ताटावरून उठायचे, मी चिडायचे. महिन्यातून दोनदा तरी हे नाटक व्हायचं. गोदामात त्याचा विनोदच झाला होता. बोर्ड रिकामा दिसला की पल्लेदार म्हणायचे, पंडितजी जेवायला गेले.

एके दिवशी सेठजी चारचौघांत ह्यांना फार बोलले. हे घरी आले ते मान खाली घालून, आणि जेवले नाहीत. मला सेठजींचा राग आला, ह्यांचा आला, त्या मेल्या फ्यूजचा तर सगळ्यात जास्त आला. एवढ्याशा वस्तूपायी माझ्या नवऱ्याने लोकांची बोलणी खायची? पुढच्या वेळी संध्याकाळी फ्यूज खिशातून घरी आला, तेव्हा हे आंघोळीला गेलेले बघून मी तो पदराखाली घेतला, दोन पावलांवरच्या सीपरी बाजारात विजेच्या दुकानात गेले आणि अगदी तसाच दुसरा घेऊन आले. पहिला परत शर्टात ठेवला. नवा दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावून दिला. सांगितलं, आता दारात यायचं नाही, अडलं की हा लावायचा, आणि ह्यांना कळू द्यायचं नाही. त्याला बरंच वाटलं. मला तर आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. हे एकच फ्यूज पाहिजे का म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. मला तो ह्यांचा हट्ट वाटला.

त्यानंतर महिनाभर त्या फ्यूजची गरजच पडली नाही. बोलणी खाल्ल्यापासून, तो एक दिवस सोडला तर, हे फार जपून वागत होते. एका दुपारी हरभऱ्याचा ट्रक संपला आणि गव्हाचे दोन ट्रक फाटकाशी येऊन उभे राहिले. जेवायची वेळ झाली होती. एरवी हे घरी आले असते. त्या दिवशी लोकांचा खोळंबा नको म्हणून आधी खड्डा साफ करून टाकू असं ह्यांनी ठरवलं, फ्यूज काढून खिशात टाकला आणि खाली उतरले. मिस्त्री फाटकाकडे ट्रक लावून परत आला. बोर्ड रिकामा. सायकल जागेवर नाही. सायकल सकाळीच पंक्चरवाल्याकडे दिली होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. रिकाम्या बोर्डाचा अर्थ सगळ्या गोदामात एकच उरला होता, की पंडितजी जेवायला गेले. त्याने हत्यारांच्या पेटीतून माझा फ्यूज काढला, बसवला आणि बटण दाबलं.

मी पानं घेऊन वाट बघत बसले होते.

उजवा हात कोपराच्या वरून गेला. इस्पितळात ह्यांचा शर्ट कापून काढला होता, तो नर्सने कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. मी वरूनच चाचपला. खिशात फ्यूज होता. तेवढ्यात सेठजी आले. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना, डोळे लाल होते. माझ्यापुढे हात जोडून म्हणाले की फ्यूज बोर्डावरच आहे, मी स्वतः पाहून आलो, पंडितजी काढायला विसरले. मागे मिस्त्री उभा होता. मी कागदाचं पुडकं तेवढं छातीशी घट्ट धरलं.

सेठजी गेल्यावर मिस्त्री माझ्या पायाशी बसला आणि रडायला लागला.

"भाभीजी, हमाए बाल-बच्चा हैं. और वो फूज आपई ने दओ हतो."

धमकी नव्हती ती. तो फ्यूज मीच दिला होता, तो फक्त जे खरं होतं ते म्हणत होता. मी त्याला घरी जा म्हटलं. नंतर इस्पितळामागच्या नाल्यापाशी गेले, शर्टातला फ्यूज काढला आणि पाण्यात टाकून दिला. तेव्हा मला वाटत होतं की मी त्या माणसाची नोकरी वाचवते आहे. आता इतक्या वर्षांनी स्वतःशी कशाला खोटं बोलू? मी मला वाचवत होते. ह्यांनी माझ्याकडे वर बघून, तूच का गं, असं विचारलं असतं तर मी काय करणार होते?

ह्यांना त्या दुपारचं काही नीट आठवत नव्हतं. शिडी उतरल्याचं आठवायचं, त्याआधीचं नाही. शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ह्यांनी मला विचारलं, "मी काढला होता ना गं?"

मी म्हटलं, "आता कशाला तो विचार."

तिथेच सगळं संपलं. मी नाही म्हटलं नव्हतं, पण हो म्हटलं नाही, आणि ह्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. सगळं गाव म्हणत होतं की पंडितजी मूळचेच विसराळू. जो माणूस फ्यूज खिशात घालून घरी येतो तो काढायला विसरत नाही, त्याचं विसरणं वेगळं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. ह्यांच्याही नाही. मला मात्र ते रोज दिसत होतं.

सेठजींनी फाटकावर बसायचं काम दिलं होतं, ते ह्यांनी वर्षभरात सोडलं. मी बालमंदिरात नोकरी धरली, आमच्या एकुलत्या मुलीला वाढवलं, दिवस निघाले. हातावाचून माणूस जगतो. डाव्या हाताने हे लिहायला शिकले, दाढी करायला शिकले, छावणीच्या रस्त्याने लांबवर फिरून यायला लागले. पण स्वतःवरचा विश्वास गेला तो गेलाच. ताला लावला का, हे चार वेळा बघायचे. नळ, दिवा, गॅस. बघून आले की मला विचारायचे, बंद आहे ना? मी हो म्हणायचे. कधी मी पाहिलेलं नसायचं, तरी हो म्हणायचे, कारण नाही म्हटलं तर पुन्हा उठायचे. पूर्वी हाच माणूस बोल्टच्या आवाजावरून कुठला डबा सैल झालाय ते सांगायचा. मला ते बघवायचं नाही आणि मी चिडायचे, तेही ह्यांच्यावरच. हाताचं कोणी विचारलं तर शांतपणे सांगायचे, मेरी ही गलती थी. असं बोलणं निघालं की मी चहाचं निमित्त करून आत जायचे.

मिस्त्री पुढे मऊरानीपुरला गेला आणि तिथेच वारला. ती बातमी आली त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

ह्यांच्या शेवटच्या थंडीत एका सकाळी आम्ही गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलो होतो. हे एका हाताने शेंग दाबून फोडायचे, छान जमायचं. मध्येच थांबले, म्हणाले, "मी गॅस बंद केला का?" मी नेहमीसारखं हो म्हणणार होते. तोंडून भलतंच निघालं. मी सगळं सांगितलं. सीपरी बाजार, दुकान, दुसरा फ्यूज, मिस्त्री, शर्टाचा खिसा, नाला. तुम्ही काढला होता, म्हटलं, तुमचं काही चुकलं नव्हतं, तुमचा हात माझ्यामुळे गेला. मला रडू आवरेना.

ह्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. मला वाटत होतं की रागवावेत, हातातली शेंग फेकून मारावी, महिनाभर बोलू नये. ह्यांनी डावा हात माझ्या पाठीवर ठेवला.

"मी काहीही विचारलं की तू हो म्हणतेस. न बघता म्हणतेस, मला कळत नाही असं वाटतं का? पण एवढं मोठं खोटं कशाला? माझी चूक मी केव्हाच पदरात घेतली."

मी मुलीची शप्पथ घेतली. हे म्हणाले, शपथा कशाला घेतेस, आणि मग तो खिशातला फ्यूज कुठे आहे असं विचारलं. मी म्हटलं, सांगितलं ना, फेकला. मान हलवली ह्यांनी. दुकानदार कोण होता, ते दुकान आता कुठे आहे, मिस्त्रीशिवाय आणखी कोणाला माहीत होतं, असं हे एकेक विचारत गेले. मी ह्यांचा हात धरून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

"बरं बाई," हे म्हणाले, "मी काढला होता. झालं समाधान?"

मग मटारचं ताट बाजूला सारलं आणि गॅस बंद आहे का ते पाहायला जिना उतरून खाली गेले.