तिचं वाक्य

बदलापूर गावात राहणारी ती माझ्या ओळखीची. जन्मापासून तिला चालायला आणि बोलायला त्रास. एकेक शब्द ओठांवर यायला वेळ लागतो. ऐकणाऱ्याला तेवढा धीर नसतो. तो तिचं वाक्य परस्पर पूर्ण करून टाकतो. मग ती थांबते, त्याच्याकडे रोखून पाहते आणि वाक्य पहिल्यापासून सुरू करते. उल्हासनगरच्या कॅम्प एक भागातल्या कापड दुकानदाराने एकदा "लाल दुपट्टा ना, दीदी?" म्हणत सगळे लाल दुपट्टे पसरले होते. तिने हिरवाच घेतला.

गेल्या महिन्यात अंबरनाथला समाजकल्याणाच्या नव्या धोरणावर परिषद होती. आम्ही दोघी बरोबरच गेलो होतो. दिव्यांगांसाठी निवासी केंद्रं उघडायची, असं जवळजवळ ठरलंच होतं. तिच्या हातात माइक आला.

"मला... केंद्रात..."

"राहायला आवडेल! वा, ताई!" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या.

टाळ्या संपेपर्यंत ती थांबली. "मला..."

घड्याळ पाहून अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही ओळखता ना यांना? तुम्हीच सांगा."

"तिला बोलता येतं, सर," मी म्हणाले.

जेवणाची वेळ टळत चालली होती, पण कोणी उठलं नाही.

"मला... केंद्रात... नाही जायचं. माझ्या... घरी... मदतीला... बाई द्या."

"नोंद घेतली," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले.

ती माइक सोडेना. "काय... लिहिलंत... ते वाचा."

तेव्हा कुठे अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.