तेहतीस अनारसे आणि एक हसलेला

दिनांक ३१ जुलै १९७७, रविवार. अनारसे तेहतीस. हजर: मी, माझी पत्नी, माझी मोठी बहीण, मुलगी, जावई आणि विहीणबाई. विहीणबाई येणार असं ठरलेलं नव्हतं, म्हणून त्यांचा उल्लेख शेवटी.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. मुलीचं लग्न एप्रिलात झालेलं, त्यामुळे जावयाचा हा पहिलाच अधिक महिना. या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे मांडून, वर दिवा लावून त्याच्या हाती द्यायचे. अनारसेच का, तर त्यांना जाळी असते म्हणून. जाळी कशाला लागते, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

माझी नोकरी हिशेब तपासण्याची. समोर आकडा आला की तो कुठून आला हे विचारल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. गणपतीला मोदक एकवीसच का, माळेला मणी एकशे आठच का, सत्यनारायणाचा प्रसाद सव्वाच्या मापानंच का, हे प्रश्न मी घरात इतके विचारलेत की पूजा असली की मला बाजारात पाठवतात. तेव्हा तेहतीसचीही चौकशी केलीच.

पत्नी म्हणाली, "देव तेहतीस कोटी, म्हणून."

"मग कोटी कुठं गेले?"

"कोटी अनारसे तळायला तुम्ही बसता का?"

गुरुजींनी जास्त शिस्तीत सांगितलं. कोटी म्हणजे संख्या नव्हे, प्रकार. आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य. मी बेरीज केली, एकतीस झाले. उरलेले दोन कोण, तर इंद्र आणि प्रजापती. दुसऱ्या एका गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, दोन्ही अश्विनीकुमार. एकतीसपर्यंत दोघांचं जुळत होतं. शेवटचे दोन मात्र बेरीज जमावी म्हणून मागाहून घातल्यासारखे वाटत होते. असे कागद मी रोज पाहतो.

माझं स्वतःचं उत्तर वेगळं होतं आणि मला ते अजूनही आवडतं. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. तीन वर्षांत अकरा त्रिक तेहतीस दिवसांची तूट पडते आणि ती भरून काढायला हा जादा महिना येतो. म्हणजे तुटलेल्या एकेका दिवसाचा एकेक अनारसा. प्रत्यक्षात अधिक महिना तीन वर्षं पुरी व्हायच्या थोडा आधीच येतो, पण तेवढा फरक मी सोडून दिला. धर्माच्या कामात थोडं सोडावं लागतं.

मात्र त्या रविवारी तेहतीसचा आकडा नुसता गमतीचा नव्हता. मुलीला नागपुरात बी.एड.ला प्रवेश मिळाला होता. फी भरायची शेवटची तारीख मंगळवार. ती शिकणार तर वर्षभर नागपुरातल्या नंदनवन भागात आमच्याकडेच राहणार, कारण सासर कुहीकडच्या खेड्यात. जावई तिथल्या शाळेत मास्तर, त्याची ना नव्हती. व्याह्यांना विचारलं तर त्यांनी "घरात विचारा" म्हटलं. घरात म्हणजे विहीणबाई. त्या एकच शब्द बोलल्या होत्या: "पाहू."

आणि विहीणबाई रीतीला फार पक्क्या. लग्नात सप्तपदीच्या तांदळाच्या राशी मांडल्या, तर त्यांनी भर मांडवात बोट दाखवून मोजल्या. सात होत्या. तरी त्यांनी परत मोजल्या. तेव्हापासून पत्नीनं मनात घेतलं होतं की पहिल्या अधिकात कुठं काही कमी दिसलं तर ते "पाहू" तिथंच राहील.

अनारसे शनिवारी तळले. मदतीला कन्हानहून माझी बहीण आली होती. आम्ही तिला ताई म्हणतो. तिचं सासर कन्हानचं आणि बोलणंही आता तिकडचंच. पीठ बरोबर चौतीस अनारशांचं होतं. आणखी करायचं तर तांदूळ भिजवण्यापासून सुरुवात, म्हणजे आठवड्याचं काम. पत्नीनं पहिला अनारसा खसखशीवर थापला, तुपात सोडला आणि तो हसला.

ज्यांनी कधी अनारसे केले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अनारसा तुपात सुटून त्याचा चुरा होऊन पसरला की तो हसला असं म्हणतात. करणारीला मात्र त्या वेळी हसू येत नाही. पत्नीनं तो चुरा झाऱ्यानं गोळा करून वाटीत घातला आणि वाटी जाळीच्या कपाटात मागच्या बाजूला ठेवली. पुढचे तेहतीस ठीक उतरले. मी ताटात मांडून मोजले.

ताई म्हणाली, "यातला देवाचा एक येगळा काढ. नैवेद्य नाही दाखवला तं कसं?"

"मग बत्तीस राहतील," पत्नी म्हणाली.

"मंग बत्तीस. पण देवाचा देवाले."

मी मधे पडलो. अधिक महिन्यात जावई नारायणाच्या जागी असतो असं गुरुजींनीच सांगितलं होतं. म्हणजे जावयाला दिलेले तेहतीसही देवालाच पोचतात. वेगळा काढायचं कारण नाही.

ताई म्हणाली, "तू गा, देवाले अन् जवायाले एकाच खात्यात टाकून राहिला."

पण दुसरा उपाय नव्हता. माझा निकाल मान्य झाला.

रविवारी दहाच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. जावई उतरला, मुलगी उतरली आणि मागून पिशवी सांभाळत विहीणबाई उतरल्या. पत्नी माझ्याकडे बघायला लागली.

"धानाचं रोवणं चालू हाय वावरात," विहीणबाई ओसरीवरूनच म्हणाल्या, "पन म्या म्हटलं, पोट्ट्याचा पयला अधिक हाय. आपन बी जाऊन पाहू."

पुन्हा तोच शब्द. पत्नी आत पळाली.

जेवण चांगलं झालं. जावयाच्या पानात तिसरा धोंडा वाढताना पत्नीनं चौथ्याचा तुकडा मोडून त्याच्या शेजारी वाढला, कारण पानात तीन वाढत नाहीत. विहीणबाईंनी ते पाहिलं आणि मान हलवली. पत्नीच्या चेहऱ्यावर थोडं ऊन पडलं. मुलगी मात्र गप्प होती. माहेरी आल्यापासून तिनं पाणी मागण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं.

मग जावयाला पाटावर बसवलं. ताट आणलं.

"मोजले का वं, विहीणबाई?" विहीणबाईंनी पत्नीला विचारलं.

"ह्यांनी मोजले," पत्नी म्हणाली.

"माणसाच्या जातीचं मोजनं मले ठाऊक हाय." त्यांनी ताट पुढं ओढलं आणि पहिल्या अनारशावर बोट टेकवलं. "लाभ."

मग दुसऱ्यावर. "एक." तिसऱ्यावर. "दोन."

मला वाटलं, पहिल्याला त्या ओवाळल्यासारखं काही म्हणाल्या असतील. बोट पुढं पुढं जात राहिलं आणि शेवटच्या अनारशावर थांबलं.

"बत्तीस."

मुलगी फरशीकडे बघायला लागली. मला राहवलं नाही. मी ताट माझ्याकडे घेऊन मोजलं. एक, दोन, तीन. तेहतीस.

"तेहतीस आहेत," मी म्हणालो.

"बत्तीस हाय, भाऊ."

"आपण पहिला मोजलाच नाही."

"पयला कसा मोजाचा? पयला लाभ."

मग त्यांनी समजावून सांगितलं, पोराला मास्तरानं सांगावं तसं, हळू. खळ्यावर धान मोजायला बसलं की पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. ती देवाची. एक तिच्यानंतर.

"पण ती पायली जाते कुठं?" मी विचारलं.

"पोत्यातच जाते. अजून कोठं जाईन?"

"मग पोत्यात पायल्या किती झाल्या?"

"तेहतीस."

"आणि मोजल्या?"

"बत्तीस."

वीस वर्षं मी लोकांच्या हिशेबात न दाखवलेला माल शोधत होतो आणि इथं एका अख्ख्या मुलखात दर पोत्यात एक पायली राजरोस हिशेबाबाहेर बसलेली होती, तीही देवाच्या नावानं.

ताईला मात्र आनंद झाला. "म्या काल हेच म्हनून राहिली होती. देवाचा येगळा काढा म्हनून. पण हा आईकते का कोनाचं?"

"जावई नारायणाच्या जागी असतो," मी शेवटचा प्रयत्न केला. "त्याला दिले म्हणजे देवाला दिले."

विहीणबाईंनी आपल्या मुलाकडे नीट बघितलं. "हा? नारायन? परवा बांधीत दोन वळी रोवल्या अन् कंबर धरून बसला हा नारायन."

"मा, तीन वळी," जावई म्हणाला.

"दोन."

"पहिली लाभाची," मी म्हणालो.

जावई मोठ्यानं हसला. पण विहीणबाई हसल्या नाहीत. बोट अजून शेवटच्या अनारशावरच होतं, आणि त्यांच्या हिशेबानं एक कमीच होता. पत्नीनं पदराचं टोक तोंडाशी धरलं. मंगळवार माझ्या डोळ्यांपुढं आला.

मग विहीणबाईंनी एकदम आवाज खाली आणला. "विहीणबाई, खरं सांगा. पयला हसला असन ना?"

पत्नी माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार, तो माझा विषय नव्हता.

"हसला," ती म्हणाली.

"फेकला?"

"नाही. वाटीत आहे."

"आना मंग."

पत्नीनं कपाटातून वाटी आणली. विहीणबाईंनी झाकण काढलं, चुरा बघितला, चिमूटभर घेऊन हुंगला. "पाक चांगला हाय. पीठ जरा वलं रायलं." वाटी त्यांनी देवापुढं नेऊन ठेवली, हात जोडले आणि परत येऊन ताटापुढं बसल्या.

"तो लाभ. देवाचा हसलेलाच असते. आता मोजू."

आता बोट पहिल्या अनारशावर टेकलं तेव्हा त्या "एक" म्हणाल्या. शेवटच्यावर तेहतीस आले. माझ्या मोजणीनंही तेहतीसच. दोन्ही हिशेब जुळल्याची माझ्या आठवणीत ही एकच वेळ.

"माह्या हातचा तं दर वेळी हसते," विहीणबाई दिवा लावता लावता म्हणाल्या. "पयला एक हसतेच. अन् मी कोनाले सांगत नाही. गुपचूप खाऊन टाकतो आम्ही दोघी, मी अन् जाऊ."

"म्हणून तुम्ही अनारसे केले तेव्हा चुलीशी तोंड पुसत होतात!" मुलगी म्हणाली आणि खो खो हसायला लागली. आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. विहीणबाई तिला म्हणाल्या, "तू पाहून राहिली होती काय वं, बदमाश?" आणि स्वतःही हसल्या, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

जावयानं ताट घेतलं. पत्नीनं मला कोपरानं ढोसलं. मी तोंडी मुद्दे तयार केले होते: एक, शिक्षणाचा काळ, दोन, नोकरीची शक्यता, तीन—

"ते कालेजाचं काय म्हनता?" विहीणबाईंनीच विचारलं.

"मी तेच सांगणार होतो. पहिली गोष्ट अशी की—"

"पयली लाभ," ताई म्हणाली.

"शिकते तं शिको," विहीणबाई म्हणाल्या. "माही ना नाही. पन दोन्ही एकादशीले घरी आली पाह्यजे. घरात सारे खानारे. उपास कराले माह्यासंगं कोनीच नाही. एकटीचा उपास लय लांब होते."

महिन्याला दोन, म्हणजे वर्षाच्या चोवीस. अधिक महिना असला तर सव्वीस. हे मी मोठ्यानं बोललो असणार, कारण ताई म्हणाली, "मोजू नको गा आता, झालं ना?" तोवर मुलीनं वाकून सासूच्या पाया पडून घेतलं होतं.

निघताना विहीणबाईंनी विचारलं, "फी किती?"

"दोनशे चाळीस."

"शून्यावर? चांगल्या कामाले शून्यावर थांबत नाही, भाऊ." पदराची गाठ सोडून त्यांनी एक रुपया काढला आणि सुनेच्या हातावर ठेवला. "वरचा एक माह्याकडून."

तो एक वरचा का लागतो, हे मी विचारलं नाही. शून्यावर संपलेली रक्कम संपली असं वाटतं आणि एकावर थांबलेली पुढं चालू राहते असं वाटतं. एवढं मला त्या दिवशी पुरलं.

सोमवारी मी आणि मुलगी कॉलेजात गेलो. खिडकीवरच्या कारकुनानं दोनशे एक्केचाळीस मोजले आणि एक रुपया परत सरकवला. "याचं खातं नाही," तो म्हणाला. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

अखेर देणं झालं ते असं. जावयाला तेहतीस अनारसे, तांब्याचं ताट आणि दिवा. हसलेला अनारसा देवाला, आणि संध्याकाळी देवाकडून मागं राहिलेल्या आम्हा चौघांना, चमच्यानं. कॉलेजला दोनशे चाळीस रुपये, पावतीनिशी. आणि विहीणबाईंचा तो एक रुपया मुलीनं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता. पुढच्या एकादशीला कुहीच्या बसमध्ये तिकिटाचे पैसे देताना तिनं सगळ्यांत आधी तो काढला. कंडक्टरनं घेतला, तिकीट फाडलं, काही विचारलं नाही.