दडून बसलेलं डावं अंडाशय

दवाखान्यात तिला सगळे मिलिमीटरबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. गेली चौदा वर्षं ती सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत बसून बायकांच्या अंडाशयातल्या पिशव्या मोजत होती. आज अकरा मिलिमीटर, परवा पंधरा, तेरवा अठरा. घरी वाटाणे सोलतानाही ती सहज बोलून जाई, "हा आठाचा." सासूबाई म्हणत, "मोजून झाला असेल तर भांड्यात टाक."

या सासूबाईंमुळेच ती इथवर पोचली होती. पस्तिशी उलटल्यावर हे काम शिकायचं तिच्या डोक्यात आलं, तेव्हा घरात दोन शाळकरी पोरं होती आणि नवरा महिन्यातले वीस दिवस ट्रकवर. सासूबाईंचं इस्त्रीचं दुकान होतं. मुलं माझ्यासमोर बसून अभ्यास करतील, तू निघ, एवढंच त्या म्हणाल्या. नवऱ्याला ही बातमी तो पुढच्या फेरीहून परतला तेव्हा कळली.

एके दिवशी सकाळी खोलीत टपालवाली आली. एकतिशीची, काटक, उन्हाने रापलेली. पत्रांची बॅग तिने खुर्चीवर ठेवली आणि आधीच बजावलं, "ताई, नऊला वाटप सुरू करायचंय हं." लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आधीचे दोन महिने डॉक्टरांनी स्वतः तपासलं होतं. उजव्या अंडाशयात बारीक पिशव्या, एकही वाढत नाही, आणि डावं अंडाशय दिसत नाही, असं त्यांनी दोन्ही वेळा लिहिलं होतं. पुढच्या महिन्यापासून पिशव्या वाढवायचं औषध दुप्पट करायचं ठरत होतं. या महिन्यात डॉक्टरांकडे गर्दी फार, म्हणून ती मिलिमीटरबाईच्या वाट्याला आली.

पाळीच्या नवव्या दिवशी उजवीकडे सहा-सात मिलिमीटरच्या पाच पिशव्या दिसल्या होत्या. आज, अकराव्या दिवशीही त्या तेवढ्याच. टपालवालीने पडद्याकडे बघून विचारलं, "माझ्यात बीजच नाही का हो?"

मिलिमीटरबाईने तिला समजावून सांगितलं. पडद्यावर दिसते ती पाण्याची पिशवी. बीज तिच्या आत असतं, पण ते इतकं बारीक की हे यंत्र ते दाखवू शकत नाही. बाई जन्माला येते तीच लाखो बीजं घेऊन, आणि तीही अर्धवट पिकून थांबलेली. मग दर महिन्याला त्यातल्या काही पिशव्या वाढायला लागतात, त्यातली एक पुढे निघते आणि बाकीच्या जिरून जातात. पुढे गेलेली पुरती भरली की आतलं बीज इतक्या वर्षांचं थांबलेलं काम पुढे नेतं आणि पिशवी फोडून बाहेर पडतं.

"म्हणजे तीस वर्षं ताटकळत बसलंय बिचारं," टपालवाली म्हणाली. "आमच्या ऑफिसातली फाइलसुद्धा इतकी थांबत नाही."

दोघी हसल्या, पण मिलिमीटरबाईचा हात मध्येच थांबला. गर्भाशयाचं अस्तर तिने मोजलं तर ते साडेआठ भरलं. दोनच दिवसांपूर्वी सहा होतं. उजवीकडच्या त्या चिमुकल्या पिशव्यांच्या बळावर अस्तर एवढं वाढणं शक्य नव्हतं. पिकत आलेली पिशवीच अस्तर वाढवणारा रस रक्तात सोडते. म्हणजे ती कुठेतरी होती.

तिने योनीमार्गातून आत घातलेला प्रोब, म्हणजे तपासणीची कांडी, डावीकडे वळवला. आतड्यातल्या हवेने पडदा पांढरा फटक झाला. मग तिने डावा हात टपालवालीच्या पोटावर ठेवला आणि बाहेरून हळूहळू दाबत आणला. टपालवालीला गुदगुल्या व्हायला लागल्या. ती हसली की सगळं चित्र हलायचं, पुन्हा पहिल्यापासून दाबावं लागायचं. चार-पाच खेपा झाल्या. नऊ वाजून गेले होते, पण आता बॅगेची आठवण कोणालाच नव्हती. अखेर वर, कोपऱ्यात, आतड्याच्या आडून डावं अंडाशय खाली सरकलं, आणि त्याच्यात एक काळीभोर, गोल गरगरीत पिशवी. सतरा मिलिमीटर.

ती तशीच डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर स्वभावाने तापट, आणि आपण लिहिलेलं कोणी खोडलेलं त्यांना खपत नसे. ते म्हणाले, डाव्या बाजूला काही दिसत नाही हे मी दोनदा बघितलंय.

"दिसत नाही हे बरोबर होतं, डॉक्टर," ती म्हणाली. "पण अस्तर काही हवा खाऊन जाड होत नाही. चला, दाखवते."

डॉक्टर उठून आले. तिने पोट दाबलं, त्यांनी प्रोब धरला. पिशवी त्यांनी स्वतः मोजली, सतराच भरली. मग टपालवालीकडे वळून म्हणाले, "दोन महिने मी एकाच बाजूला बघत बसलो. चूक माझी. औषध वाढवायचं नाही."

तेराव्या दिवशी पिशवी वीसची झाली. त्याच दिवशी बीज पिकवून बाहेर काढणारं इंजेक्शन दिलं, आणि नवरा-बायकोला पुढचे दोन दिवस कुठे जाऊ नका असं सांगितलं. टपालवालीने रजा टाकली. साहेबाने कारण विचारलं तेव्हा घरी एक महत्त्वाचं पार्सल यायचंय, असं तिने बेधडक सांगितलं.

त्या महिन्यात पाळी आली नाही. पुढे मुलगी झाली, वजन तीन किलो. तिला बघायला डॉक्टर स्वतः वॉर्डात गेले होते.

त्यानंतर दवाखान्यात नियम झाला, की पोट दाबून बघितल्याशिवाय कोणी "दिसत नाही" असं लिहायचं नाही. नव्या मुलींना ते शिकवायचं काम मिलिमीटरबाईकडे आलं. शिकवायला पोट हवं, म्हणून सासूबाई स्वतःहून येऊन टेबलावर आडव्या झाल्या. माझ्यात आता मोजण्यासारखं काही उरलेलं नाही, त्यांनी मुलींना आधीच सांगून टाकलं, पण दाबायचा सराव माझ्यावर खुशाल करा, फक्त हात गरम असू द्या.