चादरीचं चौथं टोक

बाबांना सरकवायला चार माणसं लागतात, हे आमच्या घरात दोन वर्षं वेदवाक्य होतं. अर्धांगवायूनंतर ते खाटेवर घसरत घसरत पायथ्याशी येतात. मग चादरीची चार टोकं चौघांनी धरायची. डोक्याकडे दादा-वहिनी, पायांकडे आई आणि मी. आई 'उचला' म्हणते आणि आम्ही उचलतो. सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला, रोज. मिठागरात जन्म गेलेला माणूस, हाडं जड.

म्हणून मी आमच्या खारी गावातून हलत नाही. मैत्रिणी पूनम सागर वसाहतीत बोलावतात, तिथूनही संध्याकाळी साडेसहाला उठून रिक्षा पकडते. संशोधनसुद्धा घरी बसून कम्प्युटरवर होईल असंच घेतलं: वाफेत अल्कोहोलचे रेणू घोळके कसे करतात. काकीला वाटतं मी दारूचा अभ्यास करतेय. वाटू दे! खिडकीबाहेर हातभरावर टॉवरची भिंत आहे, तिच्याकडे बघत मी रेणू जुळवते.

या रेणूंचं सोपं असतं. प्रत्येकाने एका हाताने शेजाऱ्याला धरायचं, दुसरा हात दुसऱ्या शेजाऱ्याला धरू द्यायचा. चार जमले की गौरीच्या फेरासारखं कडं होतं. कुणाचा हात रिकामा नाही, कुणाला बाहेर पडायची सोय नाही. ते कडं स्क्रीनवर बघून मला कधीकधी श्वास कोंडल्यासारखं व्हायचं.

त्यात परदेशातल्या एका प्रयोगशाळेचं, कामाला बोलावणारं पत्र आलं. तिथे हे घोळके खरोखरचे मोजतात. वाफ बारीक भोकातून निर्वात पोकळीत सोडली की ती गारठते आणि रेणू एकमेकांना बिलगतात. दोन वर्षांचं काम, उत्तर शुक्रवारपर्यंत. आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "बाबांना कोन उचलील?" संपला विषय. कुढत बसले.

गुरुवारी सकाळी माझ्या गाईड मॅडमनी माझे आकडे बघायला बोलावलं आणि झापलं. "चौघांची सगळी कडीच काढलीस? तिघांचं कडं आणि चौथा बाहेरून एका हाताने धरलेला, हे का नाही बघितलंस?" खरंच सुचलं नव्हतं. चार म्हणजे चौघांचं कडं, मी गृहीतच धरलं होतं. तिथेच दिवसभर बसून केलं. कड्याइतकं पक्कं नाही, पण टिकलं. चौथा सुटून गेला नाही.

त्या नादात उशीर झाला. घरी पोचले तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते, सातची वेळ टळली होती. धावत आत गेले, तर बाबा उशीवर नीट टेकलेले.

"कुणाला बोलावलंत?" मी वहिनीला विचारलं.

"कुणाला कशाला? पायांकडे वजन कुठे असतं! आई एकट्याच दोन्ही टोकं धरतात. गेल्या महिन्यात तू तापाने पडली होतीस ना, तेव्हा कळलं." मग तिने जीभ चावली. "आई म्हणाल्या होत्या, तुला सांगू नको."

माझं डोकंच सणकलं. आई ओट्याशी भाकरी थापत होती. "महिनाभर मला उगाच उभी केलीस? मी ते पत्र जवळजवळ फाडलं होतं!"

आईने तव्यावरची भाकरी उलटली. "मंग काय सांगू? तुझी गरज न्हाय, जा?" तिचा आवाज चिरकला. "गरज न्हाय म्हटल्यावर तू आली असतीस का परत?"

राग होता, आणि रागाला आता जागा नव्हती.

शुक्रवारी दुपारी प्रयोगशाळेला 'येते' असं लिहून पाठवलं. आईला सांगितलं, तिने मान हलवली, लसूण सोलत राहिली. सातला सगळे खाटेपाशी आलो. सवयीने मी माझं टोक धरलं. आईने माझी बोटं सोडवली, ते टोक आपल्या टोकाबरोबर मुठीत घेतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उचला."