वहिनींचा दुपारचा पारा

आमच्या गल्लीत इस्त्रीच्या दुकानात जायचं ते सकाळी. दुपारनंतर गेलात तर कपडे मिळतील, पण अब्रू तिथेच ठेवून यावी लागेल. दुकान वहिनींचं. हाताखाली त्यांची नणंद. ती वहिनी म्हणते म्हणून मग सगळी गल्लीच म्हणते. सकाळी ‘या, बसा’ म्हणणारी ही बाई संध्याकाळी एका तुटक्या बटणावरून चांगल्या मिशीवाल्या हेडमास्तरांना रडकुंडीला आणायची.

निदानं तर पैशाला पासरी. शिंपी म्हणायचा, नवरा गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. दूधवाली म्हणायची, माहेरचंच वळण. मी आपला दोघांचं ऐकून तिसऱ्याला सांगायचो.

भोगायची ती नणंद. घडीत एक सुरकुती राहिली की तिचा उद्धार. शेवटी बिचारीनं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात नोकरी बघितली. पहिल्या तारखेला जाणार होती. ती गेली की दुकानाला कुलूप, हे वहिनींना ठाऊक होतं. पण ‘थांब’ म्हणायला जीभ वळेना.

अशात मागचा नळ फुटला आणि दुकानभर पाणी झालं. नणंदेनं फळांच्या खोक्यांच्या फळ्या एकावर एक ठोकून वहिनींच्या पायाखाली दिल्या. गंमत बघायला मी मुद्दाम संध्याकाळी गेलो, तर वहिनी इस्त्री फिरवत चक्क गुणगुणत होत्या! “तब्येत बरी आहे ना?” मी विचारलं. त्यावर हसल्या. मला घामच फुटला.

पाणी ओसरलं, फळ्या निघाल्या, आणि दुसऱ्याच दुपारी पुन्हा भडका. तेव्हा नणंदेच्या लक्षात आलं. इस्त्रीचं टेबल होतं दादाचं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचं, आणि त्याच्याच उंचीचं. तो ताडमाड, वहिनी त्याच्या खांद्यालाही लागत नसत. दिवसभर खांदे कानापर्यंत चढवून त्या इस्त्री दाबत होत्या. दुपारी मानेत कळ, मानेतून डोक्यात, आणि डोक्यातून आमच्या अंगावर.

“वहिनी, टेबलाचे पाय कापून घेऊ या.”

“हात तर लावून बघ! तुझ्या दादानं स्वतः बनवलंय ते.”

“बरं, नाही कापत. मग तू वर चढ.” तिनं फळ्या पुढे सरकवल्या.

“मी काय कोंबडी आहे?”

“चढ गं. मान दुखते ना?”

वहिनी हळूच म्हणाल्या, “कोणी सांगितलं तुला?”

“तुझ्या शिव्यांनी. जेवणानंतर सुरू होतात आणि सुट्टीच्या दिवशी घरी फिरकतही नाहीत.”

वहिनी चढल्या. खांदे खाली आले. दोन-चार शर्ट झाल्यावर, मान न वळवताच बोलल्या, “दुखण्याची सवय झाली होती गं. पण तुला काय काय बोलायचे, ते माझं मला ऐकू यायचं. नको जाऊस.”

“बघते,” नणंद म्हणाली. “आधी रोज चढून दाखव.”

पहिल्या तारखेला मी भल्या सकाळी दुकानाशी हजर. शिळी बातमी मला पचत नाही. वहिनी फळ्यांवरून खाली बघत म्हणाल्या, “काय भाऊ, हातात कपडे दिसत नाहीत. बातमी न्यायला आलात वाटतं?”

आतून नणंदच ओरडली, “मग न्या की! नाही गेले मी.”